आप्पांच्या लाइनची फेरतपासणी

पावसाळी गटारांची नवी मानकं ऑफिसात आली, तेव्हा सुरुवातीला ती कोणी उघडलीच नाहीत. पुस्तक जाडजूड होतं आणि पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद उडत होते, त्यामुळे हेडक्लार्कने ते टपालावर ठेवून दिलं. मानकांचा एवढा ताबडतोब उपयोग त्या ऑफिसात यापूर्वी कधी झाला नव्हता. पण ऑफिसच्या मुख्य इंजिनिअर मॅडम वाचणाऱ्यांपैकी होत्या. त्यांनी पुस्तक घरी नेलं, वाचून परत आणलं आणि सगळ्या इंजिनिअरांना केबिनमध्ये बोलावलं.

"पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही," मॅडम म्हणाल्या. "दिवसभर रिपरिपायचा तो अर्ध्या तासात कोसळतो. आणि आपल्या गटारांच्या लाइनी आहेत जुन्या पावसाच्या मापाच्या. तेव्हा प्रत्येकाने एकेक जुनी लाइन घ्यायची, नव्या मानकांवर तपासायची आणि पास की नापास ते मला सांगायचं. नापास झाली तर यंदा नवी टाकू. पास झाली तर तिकडे पुन्हा इतक्यात कोणी बघणार नाही, हेही लक्षात ठेवा." मग त्यांची नजर बाळकडे वळली. "तुम्ही तुमच्याच कॉलनीची घ्या ना. तुम्हाला सोपी जाईल."

सोपी! बाळच्या टाळूवर घाम आला, आणि टाळूवर तो अडवायला केस नसल्यामुळे थेट चष्म्यावर उतरला.

बाळ हे काही त्याचं नाव नव्हे. ऑफिसात त्याला साहेब म्हणत. पण कॉलनीत पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या या माणसाला लहानथोर सगळे बाळच म्हणत, कारण त्या कॉलनीत इंजिनिअर म्हटलं की एकच नाव निघे, ते म्हणजे त्याच्या वडिलांचं. आप्पा त्याच ऑफिसातून रिटायर झाले होते आणि कॉलनीतली पावसाळी लाइन आप्पांनी बांधली होती. कॉलनी वसली तेव्हा त्यांनी स्वतः उभं राहून एकेक पाइप बसवून घेतला होता. अजूनही ते संध्याकाळी काठी टेकत त्या लाइनीवरून फेरी मारत आणि प्रत्येक झाकणावर काठीचं टोक ठोकून बघत. पाऊस आला की गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि जाळीतून पाणी आत जाताना असं बघत, जसं शाळेच्या फाटकातून नातवंड आत जाताना आजोबांनी बघावं.

अलीकडे पाणी आत जायला जरा कुरकुर करी. खालच्या कोपऱ्यावर समोरच्या काकूंचं घर होतं. जोराची सर आली की तिथे तळं साचे आणि काकूंच्या पुढच्या खोलीत पाणी शिरे. काकूंनी पलंग, कपाट, शिवणाचं मशीन सगळं विटांवर चढवून ठेवलं होतं. त्या एकट्याच राहत. पण त्यांनी कधी लाइनीला बोल लावला नाही, आप्पांच्या देखत तर नाहीच. आप्पा म्हणत, "प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात हो." काकू म्हणत, "हो ना, लोकांना अक्कल नाही." आणि दोघंही मिळून लोकांना नावं ठेवत.

दुसरी एक अडचण याहून नाजूक होती. या खात्यात एक रीत आहे. ज्याने गणित केलं त्याने ते स्वतः तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. बाळ नोकरीला लागला तेव्हापासून त्याची गणितं घरी आप्पा तपासत आले होते. ऑफिसातली तपासणी नंतर व्हायची, ती आपली नियम म्हणून. खरी तपासणी जेवणाच्या टेबलावर संध्याकाळच्या चहानंतर होई. आप्पा चूक काढत, बाळ वाद घालत असे, बाळची बायको दोघांच्या मधली चहाची कपबशी उचलून नेई. रिटायर झाल्यावर आप्पांचे मित्र बागेत जाऊन बसू लागले, पण आप्पा कधी गेले नाहीत. त्यांना काम होतं.

आता हे गणित आप्पांपुढे कसं ठेवायचं? "आप्पा, जरा तुमची लाइन नापास होतेय का बघता का?" असं विचारायचं? बाळने ठरवलं, हे प्रकरण गुपचूप उरकायचं. गुपचूप काही करण्याचा त्याला अजिबात सराव नव्हता, हे मात्र तो विसरला.

सकाळी फिरायला जायच्या मिषाने तो मोजणीची टेप भाजीच्या पिशवीत घालून बाहेर पडला. काकूंच्या घरासमोरचं झाकण सळईने उचकटलं, रस्त्यावर पालथा पडला, डोकं आत घातलं आणि पाइपचं तोंड मोजू लागला. एवढ्यात वरून काकूंचा आवाज आला, "बाळ, काय रे पडलं?"

डोकं गटारात असताना माणसाला नीट खोटं बोलता येत नाही. "अंगठी!" बाळ आतूनच ओरडला.

तो फिरून घरी येईपर्यंत अख्ख्या कॉलनीला बातमी पोचली होती. सेक्रेटरी, म्हणजे कॉलनीच्या सोसायटीचे सेक्रेटरी, हातात सळई घेऊन फाटकात उभे होते. आयुष्यभर बँकेत काढल्यामुळे हरवलेल्या दागिन्याचं त्यांना फार वाटे. "काळजी करू नकोस, बाळ, सगळी झाकणं उघडू," ते म्हणाले. बाळची बायको दारात उभी होती. "कसली अंगठी?" तिने विचारलं. "यांना तर कुठली अंगठी चढतच नाही. बोटं बघा त्यांची."

"म्हणूनच पडली," बाळ म्हणाला.

आणि मग आप्पा काठी टेकत बाहेर आले. मुलाची अंगठी आपल्या लाइनीत पडली, या गोष्टीचा त्यांना मनापासून आनंद झालेला दिसत होता. "घाबरू नकोस," ते म्हणाले. "प्रत्येक चेंबरच्या तळाला मी गाळ बसायला खोलगट जागा ठेवलीय. अंगठी पहिल्या नाहीतर दुसऱ्या चेंबरात सापडलीच पाहिजे. तिसऱ्यात जाणं शक्यच नाही." मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी जमलेल्या मंडळींना, पाण्याचा वेग कमी झाला की जड वस्तू तळाशी कशी बसते, हे समजावून दिलं. मंडळींनी बाही सरसावून दोन्ही चेंबर उपसले. गाळ निघाला, चमचे निघाले, कुणाची तरी कवळीसुद्धा निघाली, आणि तिच्यावर कोणी हक्क सांगेना. अंगठी निघाली नाही. आप्पांचा चेहरा उतरला. "असं व्हायला नको होतं," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आपलं गणित कुठे चुकलं याचा विचार ते जेवतानाही करत होते. नसलेल्या अंगठीपायी बापाचं असलेलं गणित चुकवल्याचं पाप बाळच्या माथी आलं होतं.

तरी माणसाने इथे थांबावं! पण नव्या मानकांप्रमाणे नुसता पाइप मोजून भागत नाही. कोणाच्या अंगणात माती किती आणि फरशी किती, हेही मोजावं लागतं, कारण माती पाणी पिते आणि फरशी सगळं रस्त्यावर ढकलते. बाळ फाटकाफाटकापाशी टेप लावू लागला. कॉलनीत एक दोनगाडीवाले राहत. त्यांनी अंगण पूर्ण फरसबंद करून दोन गाड्यांवर पत्र्याची शेड टाकली होती, आणि ती शेड नियमात बसते की नाही याबद्दल त्यांच्या मनात कायम एक हुरहुर असे. बाळला आपल्या फाटकापाशी टेप लावताना त्यांनी पडद्याआडून पाहिलं. त्यांचा ताबडतोब समज झाला की रस्ता रुंद होणार आणि शेड पडणार. एकट्याची शेड पडणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी सगळ्यांच्याच शेडा पडणार असल्याची बातमी फिरवली.

इकडे ऑफिसात बाळने गणित मांडलं. आप्पांची लाइन नापास झाली. थोडीथोडकी नव्हे, चांगली दणकून. नवा पाऊस घातला आणि आजच्या फरशा धरल्या, तर जेवढं पाणी येतं त्याच्या निम्मंसुद्धा त्या पाइपात मावत नव्हतं. बाळने गणित पुन्हा केलं. तरी तेच.

मग त्याने जे केलं, ते इतक्या वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं. आप्पांनी लाइन बांधली तेव्हा कॉलनीत निम्मी जागा मातीची होती. घराघरापुढे बाग होती. बाळने तीच निम्मी माती आज धरली. पावसाचा आकडाही पुस्तकात होता त्यातला सगळ्यात सौम्य उचलला. लाइन पास झाली, अगदी काठावर. आकडा बघून त्याला हायसं वाटलं, आणि लगेच काकूंच्या विटांवर चढवलेल्या पलंगाची आठवण होऊन कसंतरीच झालं. एका म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला आपण दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात पाणी सोडतोय, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. सोमवारी मॅडमना सांगायचं होतं. सोमवारपर्यंत त्याने स्वतःची समजूत घालायचं ठरवलं.

समजूत अजून अर्धीच घालून झाली होती, आणि एका संध्याकाळी तो घरी आला तर दिवाणखान्यात शिष्टमंडळ बसलेलं. सेक्रेटरी, दोनगाडीवाले, काकू, आणखी दोघं-तिघं. आप्पा आपल्या खुर्चीत ताठ बसले होते.

"शक्यच नाही," आप्पा बोलत होते. "रस्त्याचं काही असतं तर तो मला बोलला असता. मला दाखवल्याशिवाय त्याने आजवर एक रेघ मारलेली नाही."

"पण टेप लावत होते हो फाटकाला! मी डोळ्यांनी बघितलंय," दोनगाडीवाले म्हणाले.

"मग तुमचे डोळे तपासा."

बाळ दारातच थिजला. आप्पांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. "सांग यांना," ते म्हणाले. आवाजात इतका विश्वास होता की बाळला खोटं सुचेचना.

"लाइन तपासतोय, आप्पा. आपली. नव्या मानकांवर." थोडं थांबून तो म्हणाला, "अंगठी वगैरे काही नव्हतं."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मग आप्पांनी विचारलं, "मला नाही दाखवलंस ते?"

"नाही."

"हात थरथरतो म्हणून? की डोळ्यांना दिसत नाही म्हणून?"

"नाही हो, आप्पा!"

"पास की नापास?"

"पास," बाळ म्हणाला.

शिष्टमंडळाने सुस्कारा सोडला. शेडा वाचल्या होत्या. काकू मात्र साध्या मनाने म्हणाल्या, "मग माझ्या घरात पाणी का रे येतं, बाळ? पिशव्याच असतील, नाही का?"

बाळने खाली मान घातली. आप्पांनी काकूंकडे पाहिलं, मग बाळकडे, आणि त्यांच्या कपाळावर टेबलापाशी उमटायची तीच आठी उमटली. "माती किती धरलीस?"

"निम्मी."

आप्पा उठले. काठी शोधली, सापडली नाही, तशीच खुर्चीची पाठ धरून ते दोनगाडीवाल्यांपुढे उभे राहिले. "तुमच्या अंगणात माती किती?"

"माती..." दोनगाडीवाल्यांनी आठवून पाहिलं. "एक कुंडी आहे. पण ती गच्चीवर."

"सेक्रेटरी, तुमच्याकडे?"

"आमच्याकडे हिरवळ आहे की!" सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "बारा महिने हिरवीगार. झाडून काढली की झालं."

"प्लास्टिकची आहे ती," काकू म्हणाल्या. "आणि माझ्याकडे डब्यात कोरफड आहे."

आप्पा गॅलरीच्या दाराशी गेले आणि खाली आपल्याच अंगणाकडे बघत राहिले. पूर्वी तिथे एक आंबा होता, जास्वंद होती. गुडघे दुखायला लागले, पाय मातीत घसरू लागला, तेव्हा आप्पांनी स्वतःच तिथे फरशी घालून घेतली होती. रंगही त्यांनीच पसंत केला होता.

"नापास," आप्पा म्हणाले. ते कोणाला उद्देशून नव्हतं. मग ते आपल्या खोलीत गेले, आणि त्या रात्री जेवायला आले नाहीत.

त्या रात्री बाळही जेवला नाही. बायकोने दोघांची ताटं झाकून ठेवली आणि म्हणाली, "गटार नापास झालं म्हणून घरातलं जेवण वाया घालवणारी माणसं जगात फक्त याच घरात असतील." पण तिने आप्पांच्या दाराशी जाऊन दोनदा कानोसा घेतला.

सकाळी बाळ उठला तर आप्पा जेवणाच्या टेबलाशी बसलेले. समोर नवी मानकं. बाळच्या बॅगेतून त्यांनी ती स्वतःच काढून घेतली होती आणि भिंग लावून वाचत होते. "अक्षर फार बारीक छापलंय," ते मान वर न करता म्हणाले. "आणि पाऊस फार वाढवलाय यांनी."

"पाऊसच वाढलाय, आप्पा."

"हं. फरशीचं बरोबर लिहिलंय मात्र." त्यांनी पान उलटलं. भिंग खाली ठेवलं. "बस. मला एक सांगायचंय, ते सांगतो, म्हणजे आपल्याला कामाला लागता येईल. तू खोटं गणित केलंस, त्याचं मला वाईट वाटलं. आणि माझ्यासाठी केलंस, म्हणून बरंही वाटलं. दोन्ही एकदम झालं, म्हणून काल जेवण गेलं नाही. त्यात तुझ्या बायकोच्या स्वयंपाकाचा काही दोष नव्हता, तिला सांग."

"ऐकलं मी," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं," बाळ म्हणाला. त्याचा आवाज फुटला. पन्नाशीनंतर आवाज फुटला की फार चमत्कारिक वाटतं, म्हणून तो खोकला.

"पाइपने मला काय दुखणार? न विचारल्याने दुखलं," आप्पा म्हणाले. "आता सांग, नवा पाइप केवढा लागेल? आणि पुस्तकातला सौम्य पाऊस धरलास तर याद राख."

सोमवारी बाळने मॅडमना "नापास" असं सांगितलं. मंजुरी मिळाली. पण रस्ता खोदायला रस्ते खात्याची परवानगी लागते. रस्ते खातं त्याच मजल्यावर, लाकडी पार्टिशनच्या पलीकडे होतं, इतकं जवळ की तिकडे कोणाला शिंक आली तर इकडून जपून राहा म्हणता येई. बाळचा अर्ज पार्टिशनपलीकडे जायला आठवडा लागला. तिकडून त्यावर शेरा पडला, की गटार खात्याचा अभिप्राय घ्यावा. अर्ज अभिप्रायासाठी परत बाळच्याच टेबलावर आला. बाळने स्वतःच्या अर्जावर, सखोल विचारांती, अनुकूल अभिप्राय दिला. तिकडच्या साहेबांनी पार्टिशनवरून डोकं काढून त्याचे आभार मानले.

कॉलनीत सल्ल्यांचा पूर आला. लाइन कॉलनीच्या भल्याची आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि ती आपल्या फाटकासमोरून जाऊ नये यावरही. दोनगाडीवाल्यांचं म्हणणं पडलं की पाइप जरा वळवून नेला तर दिसायलाही बरा दिसेल. आप्पांनी एक माणूस बोलावून आधी आपल्या अंगणातली फरशी उखडून घेतली आणि खाली माती मोकळी झाल्यावर सगळ्यांना ती बघायला बोलावलं. म्हाताऱ्या माणसाने एवढं केल्यावर इतरांचा नाइलाज झाला. सेक्रेटरींनी आपली हिरवळ गुंडाळून माळ्यावर टाकली. दोनगाडीवाल्यांनी, मन घट्ट करून, एका गाडीपुरती माती मोकळी केली.

खोदाईच्या दिवशी आप्पांची खुर्ची रस्त्याच्या कडेला मांडली होती. मशीनने जुना पाइप उचलून बाजूला ठेवला, तसे सगळे आप्पांच्या तोंडाकडे बघू लागले. आप्पा उठून पाइपाजवळ गेले, वाकून त्यांनी सांध्यांवरून हात फिरवला. एकही सांधा सुटलेला नव्हता.

"चांगला होता हो तुमचा पाइप," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. पाणी ज्यांच्या घरात शिरत होतं, त्यांनाच सगळ्यात जास्त वाईट वाटत होतं.

"चांगला होता," आप्पा म्हणाले. "लहान होता."

आणि मग कोणाच्या ध्यानीमनी नसताना ते खड्ड्याच्या उतरत्या टोकाकडे चालू लागले. नव्या पाइपचा उतार ते स्वतः बघणार होते. सेक्रेटरी म्हणाले, आप्पा, या वयात! काकू म्हणाल्या, चक्कर येईल. दोनगाडीवाले म्हणाले की असं असेल तर निदान खुर्ची आत सोडू, आणि खरोखरच खुर्ची उचलायला धावले. बाळची बायको म्हणाली, "अहो, बघत काय राहिलात, धरा त्यांना!" बाळ धरायला उतरला. आप्पा त्याच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश खाली आले. छातीइतक्या खोल खड्ड्यात दोघं बापलेक ओल्या मातीत उभे राहिले, आणि वर सगळ्या कॉलनीची डोकी गोल ओळंबून सल्ले देऊ लागली. आप्पांनी गवंड्याची पाणसळ मागून घेतली, पाइपवर ठेवली, वाकून आतला बुडबुडा बघितला.

"अगदी थोडा वर घे हा सांधा. हं. अजून किंचित. तुझ्यानंतर जो कोणी ही लाइन तपासेल, तो ही नापास करणारच. खुशाल करू दे. पण उतारावरून त्याने आपल्याला नावं ठेवायला नकोत."

"हो, आप्पा."

"गणित दाखवत जा मला."

"दाखवीन."

"आप्पा, या ना आता वर," काकूंनी काठावरून हाक मारली. "चहा केलाय सगळ्यांसाठी, गार होईल!"

आप्पांनी मान वर न करताच हात हलवला. "थांबा हो जरा," ते म्हणाले. "आम्ही कामात आहोत."

बाळने वर पाहिलं, मग आप्पांकडे पाहिलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"इकडेतिकडे काय बघतोस?" आप्पा म्हणाले. "दोरी ताणून धर."

बाळने दोरी ताणून धरली.